डिशखालचं नाव

नदीपल्याडच्या पबमध्ये स्फोट झाला त्या रात्री
आमच्या काचा नुसत्या थरथरल्या.
रॉय म्हणाला, खाणीत सुरुंग लावला असेल.
शनिवारी, रात्री साडेनऊला.
मीही म्हणाले, असेल.

सकाळी रेडिओनं पाच नावं वाचली.
पहिल्याच नावावरून कळलं, कुठल्या चर्चची.
अल्स्टरमध्ये नाव ऐकलं की माणसाची प्रार्थना कळते.
शेवटचं नाव ग्रानिया. वय एकोणीस.
ग्लास धुवायला जायची, आठवड्यातून दोन रात्री.
कुणीतरी म्हणालं, वाईटच झालं, पण गेल्या वर्षी आपल्या बसमध्ये…
आणि त्या 'पण'भोवती सगळे येऊन बसले
शेकोटीभोवती बसावं तसे.

गेल्या वर्षी त्यांनी बॉम्ब ठेवला होता.
या वर्षी बॉम्ब फुटला.
वाक्यातून कर्ता कधी उठून गेला कळलं नाही,
खुर्ची मात्र अजून गरम होती.

गुरुवारी ग्लेनला उचललं. ऱ्होडाचा ग्लेन.
बँडमध्ये बासरी वाजवायचा.
बर्फ पडला की आमच्या दुकानाची पायरी साफ करायचा,
पैसे पुढे केले तर लाजायचा.
पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, आपला ग्लेन? छे!
तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, आपला ग्लेन.

चर्चच्या बायकांनी यादी केली.
सोमवारी सूप, मंगळवारी मटण-बटाट्याचा स्ट्यू,
बुधवार माझा, लिंबाचा केक.
ऱ्होडाच्या दारात डिशांची रांग लागली.
पुलापलीकडे पाच घरं होती.
पूल ओलांडायला चार मिनिटं लागतात.

केक ओव्हनमध्ये ठेवला, टायमर फिरवला,
आणि तशीच उभी राहिले.
पेपरात आलं होतं, साधा स्वयंपाकघरातला टायमर.
असाच एक मी विकला होता त्याला,
ऑगस्टमध्ये, आमच्या काउंटरवरून.
'आईचे केक करपतात,' म्हणाला.
मी हसले. चिल्लर मोजून दिली.
ऱ्होडा तागाच्या गिरणीत रात्रपाळीला, दिवसभर झोपलेली.
तिच्या घरात काय शिजतं, काय नाही,
सगळ्या गल्लीला माहीत.
मलाही माहीत. ऑगस्टमध्येसुद्धा माहीत होतं.

चाळीस मिनिटं टिकटिक चालली.
मी पाठ करून भांडी घासली,
घासलेली पुन्हा घासली.

पोलीस आला तो आपलाच, माझ्या जावेचा भाऊ.
पेनाला टोपण तसंच.
'आयव्ही, तुला काही आठवत नसेल ना?'
इतक्या मायेनं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
इथे सगळ्याच बायका केक करतात, मी म्हणाले.
तेच तर, तो म्हणाला, आणि बिजागऱ्यांचा भाव विचारून गेला.

आपलेच दात, आपलेच ओठ.
चावलं गेलं तरी हूं की चूं करायचं नाही.
रक्ताला चव असते
आमच्या खणातल्या खिळ्यांसारखी.

डिश अकरा वर्षांनी परत आली.
बाकीच्यांच्या तिनं महिन्याभरात पोचवल्या होत्या.
घासूनपुसून लख्ख,
खाली चिकटपट्टीवर माझं नाव, माझ्याच अक्षरात.
'तुझी तेवढी राहिली होती,' ऱ्होडा म्हणाली.
चहा नको म्हणाली.
दारात छत्री उघडता उघडता थांबली.
'माझ्याकडे ओव्हनसुद्धा नव्हता, आयव्ही.'

पावतीची कार्बनप्रत अजून आहे, दोन इंची खिळ्यांच्या खणात.
ऑगस्ट. टायमर एक. रोख.
निळी शाई उडत चालली आहे.
जाळली नाही. कुणाला दिलीही नाही.

कधी कधी संध्याकाळी पुलाच्या मध्यापर्यंत जाते,
चार मिनिटांतली दोन.
हातात डिश नसली
तर पलीकडचं दार कसं वाजवायचं,
मला येत नाही.
खाली पाणी दोन्हीकडचं एकच,
असं म्हणायची इकडे पद्धत आहे.
मी बघितलंय. आमच्या काठाला ते जास्त गढूळ आहे.